जिवंत धमनीतली गुठळी मोजायची असेल तर नुसती शेवटची वेळ बघून भागत नाही

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: उंदराच्या कॅरोटिड आर्टरीवर (मानेतली मोठी धमनी) फेरिक क्लोराइड लावून गुठळी करतोय, फ्लो प्रोब (रक्ताचा प्रवाह मोजणारा सेन्सर) लावलाय, आणि रक्त पूर्ण बंद व्हायला किती मिनिटं लागली ते लिहून घेतोय. औषध न दिलेल्या उंदरांमध्येसुद्धा एकात ६ मिनिटं, दुसऱ्यात १५, आणि काहींमध्ये अर्धा तास झाला तरी बंदच होत नाही. मग औषध चालतंय की नाही ठरवायचं कसं? आणि हेच माणसाच्या धमनीत लाइव्ह का बघता येत नाही?

मी बरीच वर्षं हेच काम करतोय, उंदरांच्या जिवंत रक्तवाहिन्यांमध्ये मायक्रोस्कोपखाली गुठळ्या होताना बघणं, आणि पेशंटमध्ये इमेजिंग करणाऱ्या डॉक्टरांबरोबर बसून त्यांच्या इमेजेस वाचणं, त्यामुळे दोन्ही भागांबद्दल सांगतो. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, की तुम्ही जे मोजताय ती गुठळी नाहीये, तो रक्ताचा प्रवाह आहे. आणि प्रवाहाला गुठळी असल्याचा पत्ता फार उशिरा लागतो.

कसं ते बघा. धमनी हळूहळू अरुंद होत गेली तरी आतून जाणारं रक्त बराच काळ तेवढंच राहतं, कारण पुढच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन भरपाई करतात. हृदयाच्या धमन्यांवर गूल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवर हे फार नीट दाखवलं होतं, आराम स्थितीत व्यास जवळजवळ ८५ टक्के कमी होईपर्यंत फ्लो तसाच राहतो आणि मग एकदम कोसळतो. कॅरोटिडमध्ये आकडे अगदी तेच नसतील पण वागणूक तीच. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर रेष सरळ दिसतेय त्या सगळ्या वेळात आत प्लेटलेट्स (गुठळी करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी) चिकटतायत, ढीग वाढतोय, त्याचे तुकडे सुटून पुढे जातायत, परत ढीग होतोय, आणि प्रोबला यातलं काहीही कळत नाहीये. शेवटच्या एका क्षणाला, गुठळीने उरलेली फट बुजवली तेव्हा, रेष खाली येते आणि तुम्ही तो एक आकडा वहीत लिहिता. त्या एका आकड्यात गुठळी किती लवकर सुरू झाली, किती वेगाने वाढली, किती घट्ट होती, कितीदा सुटली या चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. म्हणून तो इकडेतिकडे जातो.

जिवंत धमनीतच का बघायचं, टेस्ट ट्यूबमध्ये का नाही, हे तुमच्या प्रश्नात नाही पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्लेटलेट्स किती चिकटतात हे मोजायची जुनी पद्धत म्हणजे गुस्ताव बॉर्न यांचं १९६२ चं ॲग्रीगोमीटर. लाल पेशी काढून टाकलेला प्लाझ्मा घ्यायचा, त्यात एडीपी (प्लेटलेट्सना चिकटायला लावणारं रसायन) टाकायचं, प्लेटलेट्सचे गोळे झाले की प्रकाश जास्त आरपार जातो तो मोजायचा. उत्तम पद्धत आहे, अजून वापरतात. पण त्या ट्यूबमध्ये वाहिनीची भिंत नाही, जोरात वाहणारं रक्त नाही, लाल पेशी नाहीत. धमनीत लाल पेशी मधोमध वाहतात आणि प्लेटलेट्सना ढकलून कडेला, भिंतीजवळ नेतात, आणि भिंतीजवळ रक्ताचे थर एकमेकांवरून प्रचंड वेगाने घसरत असतात, त्याला शिअर म्हणतात. एवढ्या जोरात प्लेटलेट नुसती भिंतीतल्या कोलॅजेनवर किंवा फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनावर थांबूच शकत नाही, ती वाहून जाते. तिला पकडून ठेवायला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर लागतो, तो लांबलचक रेणू जोरदार शिअरमध्ये उलगडतो आणि प्लेटलेटवरच्या जीपी-वन-बी या रिसेप्टरला अडकतो. शिरेमधली गुठळी आणि धमनीतली गुठळी वेगळी का, याचं मोठं कारण हे आहे. शिरेत संथ रक्त, फायब्रिन (फायब्रिनोजेनपासून बनणारे धागे) आणि लाल पेशींचं जाळं. धमनीत, निदान सुरुवातीला, बहुतेक प्लेटलेट्स. ट्यूबमध्ये हा फरक येतच नाही.

जिवंत प्राण्यात बघायची कल्पना नवी नाही. इटलीच्या बिझोझेरो यांनी १८८२ मध्येच प्राण्यांच्या आतड्याच्या पडद्यातल्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली बघून लिहून ठेवलं की भिंतीला इजा झाली की आधी येऊन चिकटतात त्या या छोट्या प्लेट्स. ना कॅमेरा, ना फ्लुरोसन्स, नुसत्या डोळ्याने.

तुमच्या फ्लो प्रोबचा खरा पूर्वज मात्र जॉन फोल्ट्स यांचा प्रयोग आहे, १९७६ चा, आणि मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो आधी समजावून सांगतो. त्यांनी कुत्र्याच्या कोरोनरी आर्टरीभोवती प्लास्टिकची छोटी नळी बसवून धमनी अरुंद केली, आणि वरच्या बाजूला फ्लो मीटर. मग काय दिसलं, तर काही मिनिटांत फ्लो हळूहळू उतरत जवळजवळ शून्यावर येतो, आणि मग अचानक, एका झटक्यात, पूर्ववत होतो. परत हळूहळू उतरतो, परत झटक्यात वर. कागदावर करवतीचे दाते दिसतात तसा ग्राफ. अरुंद जागेत प्लेटलेट्सचा गोळा वाढत होता आणि तो सुटून पुढे गेला की रस्ता मोकळा होत होता. ॲस्पिरिन दिलं की हे दाते थांबले. त्या काळी ॲस्पिरिन हृदयविकारात देतात हे सर्वमान्य नव्हतं, ते पुढे झालं, पण धमनीच्या आत ॲस्पिरिन नक्की काय करतं हे इथे एका रेषेत डोळ्यांनी दिसलं. पुढे असंही दिसलं की ॲड्रेनॅलिन दिलं तर ॲस्पिरिन असतानाही दाते परत येऊ शकतात, म्हणजे शरीरावर ताण असेल तर संरक्षण अपुरं पडतं. आता विचार करा, फोल्ट्स यांनी फक्त "पूर्ण बंद व्हायला किती मिनिटं" लिहिलं असतं तर यातलं काय हाती लागलं असतं? त्यांनी पूर्ण रेष ठेवली म्हणून गोष्ट सापडली.

माझं सगळं म्हणणं याच एका मुद्द्याभोवती आहे, पूर्ण रेष ठेवा.

आता मायक्रोस्कोपवर येतो, कारण प्रोबला जे दिसत नाही ते इथे दिसतं. बॉस्टनच्या ब्रूस आणि बार्बरा फ्युरी यांच्या ग्रुपने २००२ मध्ये उंदराच्या क्रीमास्टर (वृषणाभोवतीच्या) स्नायूतल्या आर्टेरिओलमध्ये, म्हणजे अगदी बारीक धमनीत, लेझरने बारीकशी इजा करून प्लेटलेट्स, टिश्यू फॅक्टर (गोठणं सुरू करणारं प्रथिन) आणि फायब्रिन हे तिन्ही वेगवेगळ्या रंगात एकाच वेळी, त्याच क्षणी बनताना दाखवलं. क्रीमास्टर का, तर तो स्नायू इतका पातळ असतो की पसरला की प्रकाश आरपार जातो. वाहिनी साधारण ३० ते ५० मायक्रॉन रुंद, प्लेटलेट २ मायक्रॉनच्या आसपास.

पहिल्यांदा बघणाऱ्याला हे सगळं फार पटकन होतंय असं वाटतं. लेझरचा टिपका पडला की काही सेकंदात भिंतीवर एक-दोन ठिपके थांबतात, सुटतात, परत दुसरे थांबतात. मग त्यातले काही सुटत नाहीत. त्यांच्यावर आणखी येऊन बसतात आणि ढीग प्रवाहाच्या दिशेला थोडा झुकलेला वाढत जातो. साधारण दीड मिनिटाच्या आसपास तो सगळ्यात मोठा असतो आणि मग, हे लोकांना खरं वाटत नाही, तो लहान व्हायला लागतो. बाहेरच्या सैल प्लेटलेट्स एकेक करून वाहून जातात आणि काही मिनिटांनी एक छोटा, घट्ट भाग उरतो. फायब्रिन भिंतीलगत, खाली, मुळाशी जमा होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लॉरेन्स ब्रास यांच्या ग्रुपने २०१३ मध्ये याच्यावर फार सुंदर काम केलं, आतला गाभा आणि बाहेरचं कवच असे दोन भाग त्यांनी दाखवले. गाभ्यातल्या प्लेटलेट्स घट्ट दाटलेल्या, पूर्ण ॲक्टिव्हेट झालेल्या, पी-सिलेक्टिन हे ॲक्टिव्हेशनची खूण असलेलं प्रथिन बाहेर आलेलं. कवचातल्या सैल, अर्धवट जाग्या. थ्रॉम्बिन (फायब्रिन बनवणारं एन्झाइम) अडवलं तर गाभा कमी होतो, आणि क्लोपिडोग्रेलसारख्या औषधांचं लक्ष्य असलेला पी-टू-वाय-ट्वेल्व्ह रिसेप्टर अडवला तर मुख्यतः कवच कमी होतं. म्हणजे दोन्ही औषधं "गुठळी कमी करतात" पण गुठळीचा वेगवेगळा भाग कमी करतात, आणि हे फ्लो प्रोबवर कधीच कळणार नाही.

इजा कशी केली यावरही उत्तर बदलतं, हे लक्षात ठेवा. फेरिक क्लोराइडमध्ये तुम्ही फिल्टर पेपर द्रावणात भिजवून धमनीवर बाहेरून ठेवता, लोखंड भिंतीतून आत झिरपतं, आतलं अस्तर खराब होतं. पूर्वी सगळे समजायचे की अस्तर निघतं, कोलॅजेन उघडं पडतं, संपलं. नंतरच्या कामातून दिसलं की लोखंडाचा धन भार रक्तातल्या प्रथिनांना आणि लाल पेशींना थेट चिकटवतो आणि अगदी सुरुवातीला चिकटणाऱ्यांत लाल पेशीही असतात, म्हणजे हा प्रकार बराचसा रासायनिक आहे. लेझरच्या इजेत थ्रॉम्बिनचा वाटा मोठा, कोलॅजेनचा कमी. त्यामुळे प्लेटलेटवरचा जीपी-सिक्स हा कोलॅजेनचा रिसेप्टर नसलेले उंदीर एका मॉडेलमध्ये सुरक्षित दिसतात आणि दुसऱ्यात काहीच फरक दिसत नाही, २००६ च्या सुमाराला हे प्रकाशित झालंय. दोन्ही प्रयोग बरोबर होते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की एका मॉडेलवर औषध चालतं असं लिहू नका, निदान दोन प्रकारच्या इजेत बघा.

आता तुमच्या आकड्यांचा पसारा. तो कुठून येतो ते माझ्या अनुभवाच्या क्रमाने सांगतो.

पहिलं तापमान. ॲनेस्थेशिया दिलेला उंदीर पटकन थंड पडतो, एवढ्याशा शरीरात उष्णता टिकत नाही. थंड रक्तात गोठण्याच्या क्रिया मंदावतात, प्लेटलेट्स वेगळ्या वागतात. गुदाशयात प्रोब घालून ३७ अंशाला हीटिंग पॅड लॉक करा, आणि मानेची उघडी जागासुद्धा कोमट सलाइनने ओली ठेवा, कारण पोटातलं तापमान ३७ असतं आणि उघड्या धमनीचं कितीतरी कमी, याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं.

दुसरं कागद. फिल्टर पेपरचा तुकडा कात्रीने अंदाजे कापला की प्रत्येक वेळी वेगळं द्रावण शोषलं जातं. पंचने गोल कापा, ठरलेले मायक्रोलीटर पिपेटने टाका, ठेवण्याआधी धमनीभोवतीचं पाणी टिपून घ्या. तिथे सलाइनचं एक थारोळं राहिलं असेल तर तुमचं १० टक्के द्रावण प्रत्यक्षात ५ टक्के झालेलं असतं. द्रावण रोज ताजं. कागद काढल्यावर नीट धुवायचं, नाहीतर इजा सुरूच राहते. आणि धमनी सोडवताना तिला ओढलं, चिमटा लागला, तर फेरिक क्लोराइडच्या आधीच इजा झालेली असते, याचं मोजमाप कुठेच येत नाही पण पसारा याच्यामुळेच सगळ्यात जास्त होतो असं मला वाटतं. म्हणून एका अभ्यासातली सगळी सर्जरी एकाच हाताने व्हावी आणि त्या हाताला कुठल्या उंदराला औषध दिलंय ते माहीत नसावं.

तिसरं प्रोब. ट्रान्झिट-टाइमचा अल्ट्रासाउंड प्रोब असेल तर त्याच्या आणि धमनीच्या मध्ये जेल किंवा सलाइन पूर्ण भरलेलं हवं, हवेचा बुडबुडा आला की आकडा खोटा. सुरुवातीचा फ्लो उंदराच्या कॅरोटिडमध्ये साधारण मिनिटाला अर्धा ते एक मिलीलीटर असतो, कुठे ०.२ दिसत असेल तर प्रोब धमनीला पिळतोय किंवा ॲनेस्थेशिया खोल गेलाय, तो उंदीर इजा करण्याआधीच वगळायचा, नंतर नाही. शेवटी वरची बाजू बांधून खरा शून्य कुठे आहे ते प्रत्येक उंदरात तपासा.

चौथं, बंद म्हणजे नक्की काय याची व्याख्या. फ्लो शून्याला टेकला आणि २० सेकंदांत परत आला, याला बंद म्हणायचं का? एकजण म्हणतो हो, एकजण नाही, आणि दोघांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. किती सेकंद सलग शून्य हवं ते आधी लिहून ठेवा. पहिल्यांदा टेकला ती वेळ वेगळी, कायमचा बंद झाला ती वेळ वेगळी, आणि मधे कितीदा उघडला ती संख्या तिसरी. तिन्ही लिहा.

आणि अर्ध्या तासात बंद न झालेल्या उंदराला ३० आकडा देऊन ॲव्हरेज काढत असाल तर ते आजच थांबवा. तो उंदीर ३१ व्या मिनिटाला बंद झाला असता की कधीच नाही हे तुम्हाला माहीत नाही, स्टॅटिस्टिक्समध्ये त्याला सेन्सर्ड म्हणतात आणि त्यासाठी कॅप्लान-मायर कर्व्ह आणि लॉग-रँक टेस्ट आहे. शिवाय फ्लोच्या रेषेखालचं क्षेत्रफळ काढा, पहिल्या ३० मिनिटांत सुरुवातीच्या तुलनेत एकूण किती टक्के रक्त गेलं ते. ज्या उंदरात धमनी उघडझाप करत राहते त्याची गोष्ट या आकड्यात येते.

पूर्ण रेषेचं, किंवा मायक्रोस्कोपवरच्या पूर्ण व्हिडिओचं महत्त्व सांगणारं एक उदाहरण देतो. डेनिसा वॅगनर यांच्या ग्रुपने २००० मध्ये असे उंदीर बघितले ज्यांच्यात फायब्रिनोजेन नाही, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नाही, किंवा दोन्ही नाहीत. पुस्तकाप्रमाणे दोन्ही नसताना गुठळी व्हायलाच नको. पण झाली. फरक वेगळ्याच ठिकाणी होता, व्हॉन विलेब्रँड नसेल तर सुरुवात उशिरा आणि शेवटपर्यंत एक अरुंद फट उघडी राहते, फायब्रिनोजेन नसेल तर ढीग वेळेवर वाढतो पण मुळाला धरून राहत नाही, मोठा तुकडा सुटतो आणि पुढे जाऊन अडकतो. तसंच २००५ मध्ये फॅक्टर ट्वेल्व्ह (रक्त गोठण्यातलं एक प्रथिन) नसलेल्या उंदरांमध्ये दिसलं, गुठळ्या टिकत नाहीत, सुटून जातात, आणि तरी त्या उंदरांना जास्त रक्तस्राव होत नाही. रक्तस्राव न वाढवता गुठळी रोखणारी औषधं शोधायचं जे मोठं काम सध्या फॅक्टर इलेव्हन आणि ट्वेल्व्हवर चाललंय त्याला बळ अशाच प्रयोगांनी दिलं.

मायक्रोस्कोपवर जायचं ठरवलंत तर तिथले धोके वेगळे. सगळ्यात मोठा धोका प्रकाशाचा. फ्लुरोसंट डाय रक्तात आहे आणि तुम्ही जोरदार प्रकाश टाकताय, तर त्या डायमधूनच ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि अस्तराला इजा होते. रोझ बेंगॉल नावाचा डाय देऊन हिरवा प्रकाश पाडून मुद्दाम गुठळी करतात ते याच तत्त्वावर! म्हणून प्रत्येक सेटअपवर इजा न करता तेवढाच डाय, तेवढाच प्रकाश, तेवढाच वेळ देऊन बघा, काहीही चिकटायला नको. दुसरा धोका लेबलचा. प्लेटलेटला रंगवायला वापरलेली अँटिबॉडी जर नेमकी चिकटण्याच्या जागेवर बसली तर तुम्ही गुठळी बघत नाही, अडवताय. जास्त डोस दिला तर प्लेटलेट्सची संख्याच घटते, त्यामुळे आधी काउंट करून बघा. रोडामीन सिक्स-जी हा डाय स्वस्त आणि सोपा आहे पण तो पांढऱ्या पेशींनाही रंगवतो.

कॅमेऱ्याच्या वेगाचाही साधा हिशेब करून ठेवा. आर्टेरिओलमध्ये रक्त सेकंदाला ३ मिलिमीटर जात असेल आणि तुम्ही सेकंदाला ३० फ्रेम घेताय, तर वाहणारी प्लेटलेट दोन फ्रेमच्या मध्ये १०० मायक्रॉन पुढे गेलेली असते, म्हणजे वाहिनीच्या रुंदीच्या दुप्पट-तिप्पट. दिसतात त्या फक्त थांबलेल्या. आणि कॅरोटिडसारख्या जाड भिंतीच्या, जोरात उडणाऱ्या धमनीत साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर वरची बाजू दिसते, खोली कळत नाही. टू-फोटॉन हा खोलवर बघणारा मायक्रोस्कोप काही शे मायक्रॉन आत जातो पण धमनीच्या ठोक्यांमुळे चित्र हलतं, त्यासाठी ठोक्याशी फ्रेम जुळवावी लागते.

आणि एक गोष्ट जी रिव्ह्यू करताना मला वारंवार दिसते. एका उंदरात आठ-दहा गुठळ्या केल्या आणि तीन उंदीर वापरले तर एन (नमुन्यांची संख्या) तीस होत नाही, एन तीनच राहतो. गुठळ्यांचे आकार इतके असमान असतात की सरासरीऐवजी मीडियन कर्व्ह काढा, पण तुलना उंदरांमध्ये करा, गुठळ्यांमध्ये नाही. हे सगळं टर्मिनल ॲनेस्थेशियात, एथिक्स कमिटीच्या परवानगीनेच करायचं, आणि प्रत्येक प्राण्याकडून जास्तीत जास्त माहिती मिळवणं ही आपली जबाबदारीच आहे. एका उंदराचा जीव घेऊन एक आकडा लिहायचा हे मला मुळीच पटत नाही.

आता दुसरा प्रश्न, माणसात का नाही.

माणसाची कोरोनरी आर्टरी साधारण ३ मिलिमीटरची, छातीच्या आत, दर ठोक्याला हलणारी, आणि गुठळी नेमकी कुठे, कधी होणार हे आधी माहीत नाही. उंदरात आपण जागा आणि वेळ दोन्ही ठरवतो, पेशंटमध्ये दोन्ही हातात नसतं. १९७० च्या दशकापर्यंत तर हार्ट अटॅकमध्ये गुठळी हे कारण की परिणाम यावरच वाद होता, कारण पुरावा शवविच्छेदनातून यायचा. १९८० मध्ये डीवूड आणि सहकाऱ्यांनी अटॅक आल्यापासून पहिल्या ४ तासांत अँजिओग्राफी केली तेव्हा ८७ टक्के पेशंटमध्ये धमनी पूर्ण बंद सापडली, आणि १२ ते २४ तासांनी केलेल्यांमध्ये हेच प्रमाण ६५ टक्के. हा फरक बघा, वेळ गेला तशी काहींची गुठळी आपोआप विरघळली होती. म्हणजे इथेसुद्धा कधी बघितलं यावर काय दिसलं ते ठरलं.

अँजिओग्राफीत दिसते ती पोकळी, भिंत किंवा गुठळी थेट नाही. ओसीटी म्हणजे धमनीच्या आतून प्रकाशाने घेतलेलं चित्र, १० ते २० मायक्रॉनपर्यंत बारकावा देतं, आतल्या अल्ट्रासाउंडपेक्षा साधारण दहापट बारीक. त्यात प्लेटलेट्सची पांढरी गुठळी आणि लाल पेशींची गुठळी वेगळी ओळखू येते, कारण लाल गुठळी प्रकाश अडवते आणि मागे काळी सावली पडते, पांढरीच्या मागची भिंत दिसत राहते. प्लाक (भिंतीत साठलेला चरबीचा थर) फुटलाय की वरचं आवरण शाबूत असून नुसतं अस्तर झिजलंय हेसुद्धा जिवंत पेशंटमध्ये समजायला लागलं ते ओसीटीमुळे. पण चित्र घ्यायला रक्त बाजूला सारावं लागतं, कॉन्ट्रास्ट सोडून काही सेकंदांत कॅथेटर मागे ओढायचा, बस. म्हणजे ज्या रक्तामुळे गुठळी होतेय तेच त्या क्षणी तिथे नसतं. फोटो अप्रतिम, पण फोटो. आणि गुठळीचं वय? २००५ मध्ये अटॅकच्या पेशंटमधून ओढून काढलेल्या गुठळ्या तपासल्या तर जवळजवळ निम्म्यांमध्ये एक दिवसापेक्षा जुना भाग सापडला, काहींमध्ये तर कित्येक दिवसांचा. छातीत दुखायला लागलं तेव्हा गुठळी सुरू झाली असं नव्हतं, ती आत आधीपासून वाढत होती, फोल्ट्स यांच्या ग्राफसारखी कमीजास्त होत होती, आणि फ्लोला शेवटी कळलं.

माणसात खऱ्या अर्थाने सलग बघण्याच्या सगळ्यात जवळ जातं ते ट्रान्सक्रेनियल डॉप्लर. कानशिलावर २ मेगाहर्ट्झचा प्रोब, मेंदूतल्या मिडल सेरेब्रल आर्टरीवर रोखलेला, आणि एक तास नुसतं ऐकत बसायचं. मानेतल्या कॅरोटिडच्या प्लाकवरून गुठळीचा बारीक तुकडा सुटून वर गेला की एक छोटा टिवटिवल्यासारखा आवाज येतो आणि स्क्रीनवर ०.३ सेकंदापेक्षा कमी काळाची एक उजळ खूण उमटते, फक्त प्रवाहाच्या दिशेने. पेशंट बोलला, हलला तर आवाज दोन्ही दिशांना उमटतो, त्यावरून खोटा सिग्नल ओळखायचा. २००५ च्या केअरेस ट्रायलमध्ये नुकतीच लक्षणं आलेल्या आणि सुरुवातीलाच असे तुकडे सापडलेल्या कॅरोटिडच्या पेशंटमध्ये हेच मोजलं, सातव्या दिवशी नुसत्या ॲस्पिरिनवर सुमारे ७३ टक्के पेशंटमध्ये असे तुकडे सापडत होते आणि ॲस्पिरिन अधिक क्लोपिडोग्रेलवर सुमारे ४४ टक्के. सुटलेला तुकडा मोजून औषधाचा परिणाम बघितला, तोही जिवंत माणसात, सुई न टोचता. मर्यादा आहेतच, काहींचं कानशिलाचं हाड इतकं जाड असतं की सिग्नलच मिळत नाही, आणि गुठळी जागेवर वाढतेय पण सुटत नाहीये हे यात कळत नाही. तरी मला ही पद्धत जेवढी वापरली जाते त्यापेक्षा खूप जास्त वापरायला हवी असं वाटतं.

फायब्रिनला किंवा ॲक्टिव्हेट झालेल्या प्लेटलेटला चिकटणारे ट्रेसर देऊन एमआरआय किंवा पेट स्कॅन करायचं काम चालू आहे, माणसांमध्येही करून झालंय, त्यातून गुठळी कुठे आहे हे कळतं. पण ट्रेसर रक्तातून निघून जाईपर्यंत थांबावं लागतं, तेवढ्यात धमनीतली गुठळी दहादा बदललेली असते.

डी-डायमर या रक्ततपासणीबद्दल लोक नेहमी विचारतात. जाळं झालेलं फायब्रिन तुटलं की डी-डायमर रक्तात येतं. धमनीतली गुठळी छोटी, प्लेटलेट्सची, फायब्रिन कमी, त्यामुळे ते वाढेलच असं नाही, आणि इन्फेक्शन, ऑपरेशन, गरोदरपण, वय यात ते एरवीही वाढतं. ट्रोपोनिन गुठळी सांगत नाही, स्नायू मेल्याचं सांगतं. मनगटावरचं घड्याळ तर यातलं काहीच सांगत नाही. त्यामुळे छातीत दुखत असताना कुठल्या रिपोर्टची वाट बघत घरी बसू नये, आणि स्टेंट बसवलेल्याने "रिपोर्ट नॉर्मल आहे" म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत.

परत तुमच्या कामाकडे. आत्तापर्यंतचा डेटा टाकू नका. फ्लो मीटरची मूळ फाइल सेव्ह असेल तर ती उघडा आणि प्रत्येक उंदराची ३० मिनिटांची पूर्ण रेष एकाखाली एक छापा. कुठल्या गटातला ते झाकून, ज्याला हा प्रयोग माहीत नाही अशा कोणालातरी तीन खुणा करायला सांगा, पहिली घसरण कुठे, कितीदा परत वर गेली, कायमची कुठे बंद झाली. मला वाटतं तुमच्या ६ आणि १५ मिनिटांच्या उंदरांमध्ये पहिली घसरण फारशी लांब नसेल, फरक मधल्या उघडझापीत असेल. तसं निघालं तर पुढचा प्रयोग क्रीमास्टरवर, लेझरने, प्लेटलेट एका रंगात आणि फायब्रिन दुसऱ्या, आणि औषध दिल्यावर गाभा बदलतोय की कवच ते बघा. तसं नाही निघालं, पहिली घसरणच विखुरलेली असली, तर कागद, तापमान आणि सर्जरी आधी नीट करा, मायक्रोस्कोपला तोपर्यंत हात लावू नका.